मज्जातंतू म्हणजे वायरिंग नव्हे

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘मज्जातंतू म्हणजे शरीरातलं वायरिंग’ असं छापून आलंय. मी ३४ वर्षं लाइनमन होतो. माझीही हीच समजूत होती आणि त्यापायी आमचे तीन दिवस वाया गेले.

गेल्या पावसाळ्यात सौ.च्या दोन्ही पायांना झिणझिण्या आल्या, मग जिना चढवेना. ‘नस दबली’ असं जो तो म्हणाला. मलाही पटलं, दबलेली तार मोकळी केली की करंट जाईल! तीन दिवस मालिश करवली. चौथ्या दिवशी तिला खुर्चीतून उठता येईना, तेव्हा धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. जीबीएस (गुलियन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) निघाला. पायाला बारीक शॉक देऊन संदेशाचा वेग मोजला. सेकंदाला ४० मीटरच्या वर हवा, तो २४ आला.

डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं. मज्जातंतूच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण दाब असतो. संदेश आला की त्या जागेची दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि जागा पूर्ववत होते, तोवर पुढची जागा चेतलेली असते. फिडरच्या, म्हणजे गावोगाव वीज नेणाऱ्या लाइनच्या, शेवटच्या गावात व्होल्टेज पडतं हे मी जन्मभर पाहिलं. इथे पडत नाही, कारण संदेश जागोजागी नव्याने उभा राहतो.

आणि मज्जातंतूवरचं ते मायलिन नावाचं आवरण! खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर अशी जागोजागी सोललेली दिसली असती तर मी ती त्याच दिवशी बदलली असती. इथे मात्र साधारण मिलिमीटरभर अंतराने फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसरीवर उडी घेतो. म्हणून वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो. आवरण नसलेल्या तंतूत जेमतेम एक-दोन मीटर. सौ.च्या शरीराची प्रतिकारशक्तीच हे आवरण कुरतडत होती. त्याला मालिश काय करणार?

आता ती काठीशिवाय सक्करदरा तलावापर्यंत जाऊन येते. पुरवणीत दुरुस्ती छापावी ही विनंती. सोबत एवढंही ठळक छापा: दोन्ही पायांतली कमजोरी दिवसागणिक वर चढत असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा, ती श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकते.

– एक निवृत्त लाइनमन, नंदनवन, नागपूर