कव्हरवर चित्रकाराचंही नाव हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या सिनेमांच्या पोस्टरांवर अधूनमधून लेख येतात आणि मी ते आवर्जून वाचतो. बाबूराव पेंटर, एस. एम. पंडित, दिवाकर करकरे या पोस्टर-चित्रकारांची नावं त्यामुळे नव्या वाचकांच्या कानावर पडतात, याचं समाधान वाटतं. पण या सगळ्या लिखाणात एक अख्खा काळ गाळला जातो. तो म्हणजे व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडीच्या कव्हरांचा काळ. 1980च्या दशकापासून पुढची पंचवीस-तीस वर्षं तालुक्याच्या गावातल्या माणसाला सिनेमाची पहिली ओळख झाली ती थिएटरबाहेरच्या बोर्डापेक्षा या कव्हरावरूनच. आणि ती कव्हरं काढणाऱ्यांची नावं कुठेही छापलेली नाहीत. ती छापली जावीत आणि जुनी नावं, माणसं हयात आहेत तोवर, शोधून लिहून ठेवली जावीत, यासाठी हे पत्र.

मी कोल्हापुरात वर्षानुवर्षं उपयोजित कला शिकवली. गावातली एक व्हिडिओ लायब्ररी बंद झाली तेव्हा मालकांनी रद्दीत घालण्याऐवजी कव्हरांचे अल्बम मला आणून दिले. ज्यांनी त्या लायब्ऱ्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: कॅसेटी आत फळीवर असायच्या, नुसत्या पेनाने नाव लिहिलेल्या. छापील कव्हर मात्र सोडवून प्लास्टिकच्या पाकिटांच्या अल्बममध्ये लावलेलं असायचं. गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून ते अल्बम चाळायचं आणि चित्रावर बोट ठेवून म्हणायचं, 'हा द्या.' नट कोण, गोष्ट हसवणारी की रडवणारी, घरच्यांसोबत बघता येईल की नाही, हे सगळं तेवढ्या चित्राने सांगायचं. दर्शनी काचेला लावलेल्या कव्हरांतला लाल आणि पिवळा उन्हाने उडून जायचा आणि मागे फक्त निळसर चेहरे उरायचे. माझ्या अल्बमातली बरीच पानं तशी निळी पडली आहेत.

त्यातल्या एका व्हीसीडीचं कव्हर माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी दाखवत असे. ग्रामीण मराठी सिनेमा, हाताने रंगवलेलं जुनं पोस्टर घेऊन केलेलं कव्हर. नायिकेच्या गालावर ब्रशचा एकच रुंद फटकारा आहे, तो वाळायच्या आत शेजारी दुसरा रंग लावलेला दिसतो. हात चांगला तयार होता, हे बघताक्षणी कळतं. आता मोजमाप बघा. आपल्याकडचं नेहमीचं पोस्टर 30 इंच रुंद, 40 इंच उंच. व्हीसीडीचं कव्हर 12 सेंटिमीटरचा चौरस. उभं चित्र चौरसात बसवायचं तर उंचीतला चौथा हिस्सा कापावा लागतो. इथे तो खालून कापला आहे, आणि चित्रकार सही करतात ती खाली उजव्या कोपऱ्यात. सहीतल्या दोन अक्षरांचे फक्त शेंडे शिल्लक आहेत आणि त्यांच्यावर कंपनीचा शिक्का आला आहे. कुणी मुद्दाम खोडली असं मी म्हणत नाही. सही कापली जातेय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि दुखणं नेमकं तेच आहे.

कव्हर करणं म्हणजे पोस्टर लहान करणं, असा समज आहे. पोस्टर व्हीसीडीवर आणलं की ते सहा पटींहून अधिक लहान होतं. एक इंच उंचीचं अक्षर जेमतेम चार मिलिमीटरचं उरतं. पाच माणसांचा घोळका असेल तर तिथे पाच ठिपके दिसतात. म्हणजे कुणाला ठेवायचं, कुणाला गाळायचं, चेहरा किती मोठा घ्यायचा, नाव कुठे टाकायचं, सगळं नव्याने ठरवावं लागतं. डबीतल्या मागच्या कार्डाच्या दोन्ही कडा दुमडून जी सहा-साडेसहा मिलिमीटरची पट्टी तयार होते, तिच्यावर सिनेमाचं नाव वाचता यायला हवं, कारण दुकानात डब्या उभ्या लावल्या की दिसते ती तेवढीच. आपल्या देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, खाली उकार. त्या अरुंद पट्टीत जोडाक्षर बसवणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

आता कायद्याचं बघू. कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये कलम 52 अ आहे. 1984 साली ते घातलं गेलं, व्हिडिओच्या चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला होता म्हणून. त्यानुसार व्हिडिओ कॅसेटवर किंवा तिच्या वेष्टनावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, ती कॅसेट काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे. म्हणजे नावं छापायला जागा होती, सवयही होती. ज्याच्या चित्रामुळे ती वस्तू हातात घेतली जायची त्याचं नाव तेवढं कुणी मागितलं नाही.

कंपनीवाले म्हणतील, पैसे दिले, चित्र आमचं झालं. मालकीपुरतं ते बरोबर आहे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच असतो, असं कलम 17 सांगतं. पण त्याच कायद्यातलं कलम 57 असंही सांगतं की हक्क विकल्यानंतरही 'हे माझं काम आहे' असं म्हणण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली याच कलमाच्या आधारे शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरीही. एवढा आधार असताना आपल्या कव्हर-चित्रकारांनी नाव मागायला संकोच का करावा?

बाहेरच्या देशांत हे कसं होतं, तेही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये 'द इव्हिल डेड' हा भयपट 1983 साली पॅलेस या कंपनीने थिएटरात आणि कॅसेटवर जवळजवळ एकाच वेळी आणला. त्याचं चित्र ग्रॅहम हम्फ्रीज या तरुण चित्रकाराने रंगवलं होतं. त्याच सुमारास तिथे अशा कॅसेटींवरून मोठं काहूर माजलं. अश्लीलतेच्या कायद्याखाली खटला भरता येईल अशा सिनेमांच्या सरकारी वकिलांच्या यादीत एकूण 72 सिनेमे गेले, आणि 1984 चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा आला. या गदारोळाला तोंड फुटलं ते बऱ्याच अंशी कव्हरांमुळे आणि मासिकांतल्या जाहिरातींमुळे. 'द ड्रिलर किलर' नावाच्या कॅसेटच्या जाहिरातीतल्या छायाचित्राबद्दल तक्रारी झाल्या तेव्हा तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी सिनेमा पाहिलेलाही नसणार. ते चित्र मला पटतं असं नाही. पण हातात मावेल एवढ्या कव्हरात केवढी ताकद असते, ते यावरून समजावं.

हम्फ्रीज मात्र काळाआड गेले नाहीत. गेल्या काही वर्षांत ॲरो व्हिडिओसारख्या ब्रिटिश कंपन्यांनी जुने भयपट ब्ल्यू-रेवर नव्याने काढले, तेव्हा त्यांनी मुद्दाम चित्रकारांकडून नवी कव्हरं रंगवून घेतली. हम्फ्रीज त्यांतले एक, आजही गॉश म्हणजे अपारदर्शक जलरंगांत हाताने काम करणारे. कव्हर उलटं केलं की दुसऱ्या बाजूला मूळ जुनं पोस्टर छापलेलं असतं. ज्याला जे आवडेल ते त्याने दर्शनी ठेवावं. आणि नव्या चित्राचा चित्रकार कोण, हे जाहिरातीत सांगितलं जातं, त्याच्या नावावर प्रती खपतात. अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीचंही तसंच. डॅनियल क्लाउझ, सेथ, हायमे हर्नांडेझ अशा नावाजलेल्या कॉमिक्स-चित्रकारांना बोलावून तिने कव्हरं करून घेतली, आणि कव्हर कुणाचं हे सोबतच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. 2014 साली तर तिने आपल्या कव्हरांचं आणि त्यासाठी केलेल्या कच्च्या रेखाटनांचं जाडजूड पुस्तकच काढलं. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने ते मला दाखवलं. न वापरलेली रेखाटनंही जपून ठेवलेली पाहून मला आमचे अल्बम आठवले आणि वाईट वाटलं.

श्रीमंत देशांचं सोडा. घानामध्ये 1980च्या दशकात फिरते व्हिडिओवाले जनरेटर, टीव्ही आणि व्हीसीआर गाडीत घालून गावोगाव जायचे. जाहिरातीसाठी ते पिठाची पोती उसवून, जोडून, त्यावर स्थानिक रंगाऱ्यांकडून पोस्टर रंगवून घ्यायचे. अनेकदा चित्रकाराने सिनेमा पाहिलेलाही नसायचा, पण त्याने खाली ठळक सही ठोकलेली असायची. हेवी जे, लिओनार्डो. त्या सह्या होत्या म्हणूनच आज ती पोती परदेशी संग्राहकांकडे चित्रकाराच्या नावानिशी आहेत.

आपल्याकडे अशी परंपरा नाही, असं मुळीच नाही. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं लोक नाव न वाचता ओळखायचे. 'मुघल-ए-आझम'ची भव्य चित्रं रंगवणारे जी. कांबळे आमच्या कोल्हापूरचे, त्यांचं नाव इथे आजही आदराने घेतात. धागा तुटला तो व्हिडिओच्या काळात. एक तर काम पोस्टर-स्टुडिओतून निघून डीटीपीच्या खोल्यांत गेलं. तिथे रात्रीत चार कव्हरं करून सकाळी छपाईची फिल्म काढायला पाठवायची, अशी घाई असायची. दुसरं म्हणजे किंमत पडली. 2007च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक सुखावलं, पण इतक्या स्वस्त वस्तूच्या कव्हरावर वेगळा खर्च कोण करणार? नटांची डोकी कापून चिकटवायची, मागे सूर्यकिरणांसारखे पट्टे टाकायचे, झालं कव्हर.

'कॉम्प्युटरवरची चिकटवाचिकटवी, तिला कसली कला म्हणता?' असं मला कलाशिक्षकांनीच ऐकवलं आहे. मी त्यांच्यापुढे अल्बम ठेवतो. त्यात टाकाऊ पुष्कळ आहे, पण काही कव्हरं अशी आहेत की थांबून बघावं. एका विनोदी सिनेमाच्या कव्हरावर मोठी डोकी आणि चिमुकली धडं अशी व्यंगचित्रं आहेत. प्रत्येक नटाची उभं राहण्याची लकब दोन रेषांत पकडली आहे. हे माउसने काढलेलं असलं तरी बघणारा डोळा आणि काढणारा हात माणसाचाच आहे. ती माणसं आज पन्नाशी-साठीत असतील, कुणी फ्लेक्सच्या दुकानात बसत असेल, कुणी लग्नपत्रिका करत असेल.

मोबाइलवर आता तीच गत चालू आहे. सिनेमाच्या नावाऐवजी अंगठ्याएवढं चित्र येतं, नेटफ्लिक्ससारखी कंपनी एकाच सिनेमासाठी वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळी चित्रं दाखवते, आणि चित्र कुणाचं ते कुठेच दिसत नाही. तिथे तर जागेची अडचणही नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या. मराठी सिनेमे काढणाऱ्या आणि जुने सिनेमे पुन्हा प्रसिद्ध करणाऱ्या कंपन्यांनी श्रेयनामावलीत, आणि जिथे छापील कव्हर असेल तिथे मागच्या बाजूला, 'कव्हर-चित्र' आणि 'अक्षरलेखन' अशा दोन ओळी द्याव्यात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने 1964 पासून फिल्म, पोस्टरं, छायाचित्रं, गाण्यांच्या पुस्तिका जमवल्या आहेत. व्हिडिओच्या काळातल्या कव्हरांसाठी त्यांनी लोकांना जाहीर आवाहन करावं. बंद पडलेल्या लायब्ऱ्यांच्या मालकांच्या माळ्यावर अजून बरंच सापडेल. माझे अल्बम मी द्यायला तयार आहे.

तिसरी विनंती आपल्याला. वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक चौकट छापावी: 1980 ते 2010 या काळात ज्यांनी मराठी सिनेमांच्या कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडीची कव्हरं केली, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी कळवावं. सिनेमाचं नाव, साधारण वर्ष, चित्र हाताने की कॉम्प्युटरवर, अक्षरं कुणाची, मूळ चित्र कुणाकडे आहे, एवढं पुरे. आलेल्या पत्रांची यादी करून ती संग्रहालयाकडे पाठवण्याचं काम मी आनंदाने करीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर