थंडीच्या रात्री दारावर थाप मारायला माणसे हवीत : ग्रामस्थांना आवाहन

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

निफाड तालुक्यात पारा पाच अंशांच्या खाली उतरला की आपण द्राक्षबागेत काय करतो, हे कुणाला सांगायला नको. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा कळेपर्यंत चैन पडत नाही. पहाटे ओळींमधून शेकोट्या पेटतात, ठिबक चालू होते, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून अख्खे घर जागे राहते. त्याच पहाटे गावठाणातल्या पत्र्याच्या खोलीत एकटी झोपलेली आजी कशी आहे, किंवा बांधावरच्या पालात पेठ-सुरगाण्याहून आलेले मजूर कुटुंब कसे आहे, हे बघायला मात्र ठरलेले माणूस नसते. यंदा ते ठरवायचे आहे.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेने हिवाळी आरोग्य आराखडा मंजूर केला. तो राबवण्याचे काम ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे आहे. समितीचा अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, वर्षाला 10,000 रुपयांच्या घरातला, आणि गावातली स्वच्छतेची, आरोग्याची किरकोळ कामे त्यातूनच भागवायची असतात. म्हणून गावापुढे हात पसरत आहोत.

पहिली गरज माणसांची आहे. यादीतल्या दर दहा घरांमागे दोघांची जोडी लागेल. जोडीत एक बाई हवीच, आणि निदान एक जण त्या घराच्या भावकीबाहेरचा हवा. वाटणीचा वाद ज्या घरात धुमसतो आहे तिथे चुलत्यासमोर म्हातारा माणूस तोंड उघडत नाही, हे आपण सगळे जाणतो. यादीत एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, दमा, हृदयविकार किंवा मधुमेह असलेले, दिव्यांग, मानसिक आजार असलेले आणि शेतात मुक्कामी असलेले मजूर येतात. आशाताईंकडची माहिती आणि ग्रामपंचायतीची नोंद ताडून ती तयार होते आहे. हवामान खात्याने किमान तापमान 8 अंशांच्या खाली सांगितले की संध्याकाळी 6 ते 8 आणि सकाळी 7 वाजता फेरी. एरवी आठवड्यातून दोनदा. फोनवर भागवायचे नाही. फोनवर सगळेच "बरं आहे" म्हणतात.

दुसरी गरज सामानाची. दरवर्षी ब्लँकेटे येतात आणि तरीही माणसे कुडकुडतात, कारण थंडी खालून, जमिनीतून चढते. शहाबादी फरशीवर एक चटई आणि वर तीन ब्लँकेटे घेतली तरी पाठ गारच राहते. द्राक्षांची कोरी खोकी उलगडून त्यांचे दोन थर, त्यावर कोरडे गोणपाट, त्यावर गोधडी, असे अंथरूण केले की एका ब्लँकेटवरही रात्र निघते. म्हणून ज्यांच्याकडे पॅकिंगची खोकी आणि धुतलेली गोणपाटे शिल्लक आहेत त्यांनी ती द्यावीत. दर माणसामागे चार खोकी आणि दोन गोणपाटे. औषध फवारणीच्या खोक्यांचे किंवा खतांच्या गोण्यांचे अंथरूण करायचे नाही, ती आणू नयेत. स्वेटर पुढून बटणांचे द्यावेत; खांदा आखडलेल्या माणसाला डोक्यातून घालायचा स्वेटर चढत नाही. मोज्यांचे इलॅस्टिक सैल असावे, मधुमेही पायाला काच पडता कामा नये. कानटोप्या हव्यात. नायलॉनची ब्लँकेटे चुलीशेजारी झोपणाऱ्यांना देणार नाही, ठिणगी पडली की ती वितळून अंगाला चिकटतात. जुन्या साड्या आणि फाटके कपडे कृपया आणू नका.

आणखी एक छोटी वस्तू फार उपयोगाची आहे: डिजिटल थर्मामीटर, प्रत्येक जोडीला एक. जुना पाऱ्याचा थर्मामीटर 35 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 95 फॅरेनहाइटच्या खाली दाखवतच नाही, आणि शरीर धोकादायक गार पडल्याचे लक्षण तर नेमके तिथून खाली सुरू होते. हातपाय थंडीत गार असतातच. पोटावर तळहाताची मागची बाजू ठेवून बघावी. पोट गार लागते, बोलणे जड झाले, माणूस गोंधळला आहे आणि थरथर थांबली आहे, तर "आता बरं वाटतंय" असे मुळीच समजू नये. लगेच रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा. गाडी येईपर्यंत ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके, छाती आणि पोट आधी झाकावे. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गोड कोमट चहा. हातपाय चोळायचे नाहीत, शेकोटीला टेकवायचे नाही आणि दारू तर अजिबात नाही. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली उष्णता बाहेर पडते.

शेगडीबद्दल प्रत्येक घरात बोलायचे आहे. घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपणे जिवावर बेतते. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो लालबुंद निखाऱ्यांतूनच निघत असतो. घरातल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची खूण. दार उघडून सगळ्यांना बाहेर काढावे, मग 108. झोपण्याआधी शेगडी घराबाहेर गेली का, हे जोडीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवलेला असेल तर तोही बाहेर हलवायला सांगायचे.

औषधांच्या बाबतीत, थंडीत रक्तदाब चढतो, त्यामुळे गोळी अर्धी करणे किंवा बंद करणे घातक. दोन आठवड्यांचा जादा साठा उपकेंद्रातून आणून द्यावा. फ्लूच्या लशीविषयी ज्याने त्याने डॉक्टरांना आताच विचारावे, अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.

आता जे बोलायला अवघड आहे ते. थंडीची फेरी म्हणजे वर्षभर बंद असलेल्या दारांच्या आत जाण्याची संधी. गेल्या खेपेच्या गोळ्यांची पट्टी तशीच भरलेली, चूल गार, दिलेले ब्लँकेट गायब, दाराला बाहेरून कडी, दोन्ही दंडांवर सारखे काळे-निळे वण, प्रश्न आजोबांना आणि उत्तर दुसऱ्याचेच: यातले काहीही दिसले तर डोळेझाक करायची नाही. आणि तिथल्या तिथे भांडायचेही नाही; आपण निघून आल्यावर त्याचा राग त्या माणसावरच निघतो. एकटे गाठून साधे विचारावे: "काल रात्री काय जेवलात? पेन्शनचे पैसे कोण आणून देतं? पासबुक कुठं असतं?" "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊ नये, कारण तो पाळता येणार नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहावेत आणि त्याच दिवशी समितीच्या सचिवांकडे द्यावेत. मारहाण चालू असेल तर पोलिसांसाठी थेट 112.

ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 सुरू असते. सांभाळ होत नसेल तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्या कायद्यात दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्चाची तरतूद आहे. अर्ज लिहायला समिती मदत करील. ज्येष्ठांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि जमीन नावावर करून द्यायच्या विचारात असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे: बक्षीसपत्रात "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर ते पत्र रद्द करून घेताना त्याच कायद्याच्या कलम 23 ला याच शब्दांचा आधार लागतो.

ग्रामपंचायतीवरही लक्ष ठेवा, ही विनंती. दर मासिक सभेत पाच आकडे वाचले जातील: यादीत किती, किती घरी पोहोचलो, किती दारे बंद मिळाली, किती तक्रारी पुढे पाठवल्या, कितींवर उत्तर आले. नावे वाचली जाणार नाहीत. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत साठ्याचा आणि पैशांचा हिशेब मांडला जाईल. थंडीच्या रात्री फेरी चुकली असेल तर का चुकली, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी वेगळा आहे, तो देणगीत मिसळला जाणार नाही. यादी व्हॉट्सॲपवर फिरणार नाही. वस्तू देताना कुणाचाही फोटो काढायचा नाही, देणाऱ्याने आग्रह केला तरी नाही.

बागायतदारांना वेगळे सांगणे: तुमच्या शेतावर मुक्कामी असलेल्या मजुरांच्या पालाखाली जमिनीपासून वीतभर उंच फळ्या टाका, आणि रात्रीच्या विजेवर पाणी भरायला साठीपुढच्या माणसाला एकटे पाठवू नका.

सामान 15 नोव्हेंबरपर्यंत ग्रामपंचायत कार्यालयात सकाळी 10 ते संध्याकाळी 5 या वेळेत आणावे. रोख किंवा धनादेश देणाऱ्यांनी नमुना 7 ची, म्हणजे ग्रामपंचायतीची अधिकृत, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. घरोघरी फिरून कुणीही पैसे गोळा करणार नाही. जोडीसाठी नाव नोंदवणाऱ्यांचे दोन तासांचे शिक्षण उपकेंद्रात होईल, थर्मामीटर तिथेच हाती मिळेल. पहिली फेरी 1 डिसेंबरच्या संध्याकाळी निघेल. मळ्यातल्या वस्त्यांसाठी मोटारसायकल असलेले सहा जण अजून कमी आहेत.

ग्रामपंचायत व ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती