मोडी वाचणाऱ्यांचा दर कोण ठरवणार?

मा. संपादक,
स. न.

२०२३च्या दिवाळीच्या सुमारास मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांत धांदल उडाली. कोतवाल बुके, कडईपत्रके, क पत्रके अशी गावोगावची जुनी सरकारी दप्तरे बाहेर निघाली. पण जुना मजकूर मोडी लिपीत आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मी भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालेला, म्हणून मलाही फोन आले. माझी मोडी जेमतेम. मी भाचीचे नाव सुचवले.

तिने पुरातत्त्वात एम. ए. केलेले, मोडीचा वर्गही केलेला. नेट परीक्षा पास होऊन प्राध्यापक भरतीची वाट पाहत बसलेली. पहिले दोन दिवस तीही अडखळली. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग हात न उचलता लिहीत जातात. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. जुन्या महसुली कागदांतल्या फसली सनात ५९०-९१ मिळवले की इसवी सन येतो, हे ठाऊक नसेल तर आजोबांच्या जागी नातू येतो. तिसऱ्या दिवसापासून मात्र ती सरसर वाचू लागली. मोबदल्याचे म्हणाल तर चहा आणि आभार!

विद्यापीठाने तिला प्रबंध लिहायला शिकवले. लिप्यंतराखाली सही करून बिल कसे लावायचे, हे कोणी शिकवले नाही. एम. ए.च्या शेवटच्या सत्रात महिनाभर अभिलेख कक्षात बसवले, तर या मुलांना कामाचा अंदाज येईल आणि कचेरीला माणसे मिळतील. जिल्हाधिकारी कार्यालयांनी मोडी वाचकांची यादी दर्शनी भागात लावावी, पानामागे दर जाहीर करावा. गरज काही एका मोहिमेपुरती नाही. वाटणीचे दावे, देवस्थान इनामे, वाड्यांचे कागद यांत मोडी निघतेच. २०२५मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. तिथल्या फलकांवरचा मजकूर तरी अशाच मुलांकडून लिहून घ्या, ठेकेदाराकडून नको.

भाची हल्ली एका वकिलांकडे जुन्या सनदा वाचून देते, पानाप्रमाणे पैसे घेते. दर कसा ठरवलास, विचारले. म्हणाली, "मामा, कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याला विचारला आणि दुप्पट केला."

– एक निवृत्त भूमिअभिलेख कर्मचारी, सातारा