समीक्षेत एक ओळ पार्श्वसंगीतालाही द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थकल्याभागल्या जिवाने काय ऐकावं यावर लेख आला होता. पावसाची रिपरिप, समुद्राची गाज, संथ बासरी, आणि 'मन शांत करणारं संगीत' या नावाखाली तासन्‌तास चालणारी ती एकसुरी घरघर, एवढं सगळं त्यात होतं. सिनेमाचं पार्श्वसंगीत, त्यातही मोठ्या वाद्यवृंदाने वाजवलेलं, कुठेच नव्हतं. माझ्या मते यादीत ते पहिलं हवं होतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी लघुलेखिका आहे. दिवसभर लोक बोलतात आणि मी उतरवून घेते. साक्ष, उलटतपासणी, मध्येच हरकत, मग आदेश. इतकी वर्षं हे केल्यावर शब्द कानावर पडला की बोटं आपोआप हलतात आणि सुटी झाली म्हणून थांबत नाहीत. कुणी गाणं लावलं तर मुखडा पुरा व्हायच्या आत लघुलिपीच्या खुणा डोळ्यांपुढे नाचू लागतात. गझल असेल तर विचारूच नका. शायर जितका चांगला तितकं माझं काम जास्त. ख्यालात शब्द थोडे, पण तिथे ऐकणाऱ्यालाही हिशेब ठेवत बसावं लागतं, समेवर येईपर्यंत जीव अडकलेला असतो. आणि पावसाच्या आवाजाचं म्हणाल, तर तो कुठे जातच नाही. थोड्या वेळाने मी पुन्हा सकाळच्या साक्षीपाशी येऊन पोचते.

पार्श्वसंगीताची गोष्ट वेगळी आहे, आणि ती का वेगळी आहे हे माझ्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळतं. हे संगीत मुळात बोलण्याच्या आजूबाजूने रचलेलं असतं. पडद्यावर दोघं बोलत असतील तेव्हा जाणता संगीतकार माणसाच्या आवाजाच्या टापूत वाद्यांची गर्दी होऊ देत नाही. चाल थांबवतो, तंतुवाद्यांना एखादा लांब स्वर धरून ठेवायला सांगतो, संवाद संपला की पुन्हा पुढे सरकतो. म्हणजे संवादासाठी जागा राखलेली असते. नुसतं संगीत लावलं की संवाद नाहीसे होतात आणि राखलेली जागा तेवढी उरते. दिवसभर बोलणं ऐकलेल्या माणसाला ती किती मोलाची वाटते, हे सांगायला माझ्याकडे लघुलिपीतही खूण नाही.

संगीतकार एन्नियो मोरिकोने यांचं 'द मिशन' (1986) घ्या. त्यात ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याची एक सुरावट आहे. कथेतला पाद्री जंगलात बसून ती वाजवतो. ओबोच्या तोंडाशी दोन पात्या एकमेकींवर बांधलेल्या असतात आणि त्यांच्यामधली फट इतकी बारीक असते, की वाजवणाऱ्याला श्वास कमी पडत नाही, उलट उरतो. म्हणून ओळ संपली की त्याला आधी छातीतली शिळी हवा सोडावी लागते आणि मगच नवी घेता येते. ऐकताना या दोन ओळींमधल्या विसाव्याकडे लक्ष द्या. साक्षीदार श्वास कुठे घेतो यावर माझी दिवसभर नजर असते, कारण वाक्य तिथेच तुटतं. पण तिथे श्वास भीतीने घेतला जातो, मध्येच, चुकीच्या जागी. इथे वाक्य पुरं होतं, खालच्या तारा हळूच आधार देतात, आणि मग पुढचं वाक्य येतं. तिसऱ्या-चौथ्या ओळीला माझा श्वासही त्याच चालीने पडू लागतो. त्यासाठी डोळे मिटून मांडी घालून बसायचीही गरज नाही, कपड्यांच्या घड्या घालतानाही हे होतं.

अर्थात सगळंच पार्श्वसंगीत असं नसतं. प्रसंगाची लांबी सेकंदांत ठरलेली असते, वादकांच्या कानात टिकटिक चालू असते, आणि दार आपटलं की त्याच क्षणी झांज वाजायला हवी असते. असे तुकडे पडद्याविना ऐकले की आता काही घडणार असं वाटत राहतं, आणि घडत मात्र काहीच नाही. विसाव्यासाठी संगीताला मोकळा श्वास मिळालेला हवा. 1982 च्या 'ई.टी.'च्या शेवटच्या भागाला संगीतकार जॉन विल्यम्स यांना चित्राशी नेमका मेळ घालणं जड जात होतं. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी पडद्यावरचं चित्र बंद करायला लावलं, मैफिलीत वाजवाल तसं वाजवा म्हणाले, आणि नंतर चित्राचं संकलन संगीतानुसार बदललं. दिग्दर्शकाने कात्री संगीताच्या हाती द्यावी हे क्वचितच घडतं. मोरिकोने यांनी तर 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (1968) चं संगीत चित्रीकरणाआधीच तयार केलं होतं आणि दिग्दर्शक सेर्जो लिओने ते चित्रीकरणाच्या जागी वाजवत असत. नटांची चालही त्या संगीताच्या अंगाने जाते. हे दोन्ही पडद्याविना ऐकून पाहा, चित्राची उणीव भासत नाही.

मोकळ्या श्वासाची आणखी एक हक्काची जागा म्हणजे शेवटची श्रेयनामावली. काळ्या पडद्यावर नावं सरकत असतात, दार आपटायला कुणी उरलेलं नसतं, आणि सिनेमाभर तुकड्यातुकड्यांत आलेल्या सुरावटी संगीतकार तिथे सलग मांडतो. आणि नेमकं तिथेच घरबसल्या सिनेमा दाखवणारी ॲप श्रेयनामावली चिमुकली करून कोपऱ्यात ढकलतात आणि पुढच्या कार्यक्रमाची उलटी मोजणी सुरू करतात. दमलेल्या माणसाच्या हातून रिमोट शोधेपर्यंत ते संगीत निसटलेलं असतं. (सेटिंगमध्ये पुढचं आपोआप सुरू होणं बंद करता येतं, ते आधी करावं.)

निवडीबद्दल माझा सल्ला थोडा उफराटा वाटेल. ज्या सिनेमाची गोष्ट तुम्हाला पाठ आहे त्याचं संगीत विसाव्याला नको. ज्यूंच्या संहारावरच्या 'शिंडलर्स लिस्ट' (1993) मधलं इट्झाक पर्लमन यांचं व्हायोलिन अप्रतिमच आहे, पण ते लागलं की मला सिनेमा दिसतो आणि रात्रीची झोप जाते. न पाहिलेल्या सिनेमाचं संगीत लावा, चित्र तुमचं तुम्हाला रंगवता येतं. जॉन बॅरी यांचं 'आउट ऑफ आफ्रिका' (1985) मी सिनेमा पाहण्याआधी कितीतरी ऐकलं. तंतुवाद्यांची ती लांबलचक, कसलीच घाई नसलेली चाल ऐकायला गोष्ट ठाऊक असायची गरज पडत नाही. आणि तंतुवाद्यं म्हणजे शांती असंही समजू नका. बर्नार्ड हर्मन यांनी 1960 चा 'सायको' हा थरारपट निव्वळ तंतुवाद्यांवर उभा केला. तो झोपताना लावणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर लावावा.

हॉवर्ड शोअर यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं पूर्ण ध्वनिमुद्रण 2005 ते 2007 दरम्यान भागाभागाने निघालं, ते कित्येक तासांचं आहे. सुरुवातीला छोट्याशा पाव्यावर भेटलेली गावाकडची सुरावट पुढे दुसऱ्या वाद्यावर, दुसऱ्या लयीत येते, माहेरची मैत्रीण अनोळखी गर्दीत दिसावी तशी. हे सुख मिळवायचं तर ॲपमधला क्रम उलटसुलट करणारा पर्याय बंद ठेवा. क्रम मोडला की ओळख पटायचा प्रश्नच उरत नाही.

आवाजाचंही भान हवं. वाद्यवृंदात हळू आणि जोरात यांतलं अंतर फार मोठं असतं. हळू भाग नीट ऐकू यावा म्हणून आवाज चढवला की दोन मिनिटांनी पितळी वाद्यं अंगावर येतात, आणि विसावा राहतो बाजूला. आधी सर्वांत जोरकस भाग लावून तो सोसेल एवढा आवाज ठेवावा, आणि मग पहिल्यापासून सुरुवात करावी. फोनच्या पिटुकल्या स्पीकरवर खर्जातलं जवळपास काहीच पोचत नाही, तेव्हा साधा का होईना, वेगळा स्पीकर किंवा कानावर बसणारे हेडफोन घ्या.

आता आपल्याकडे मागणं. सिनेमाच्या समीक्षेत 'संगीत' म्हणून जे नाव छापलं जातं ते गाण्यांच्या संगीतकाराचं असतं. पार्श्वसंगीत पुष्कळदा दुसऱ्याच माणसाचं असतं, पडद्यावर त्याची पाटीही वेगळी येते, वर्तमानपत्रात मात्र ती गळते. ही गळती जुनी आहे. सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संगीतसंयोजकांनी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदासाठी पानंच्या पानं स्वरलेखन केलं, त्यांची नावं आज फक्त दर्दी मंडळींनाच ठाऊक आहेत. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आले आणि त्यांनी श्याम बेनेगल यांच्या सिनेमांना संगीत दिलं; पण त्या सिनेमांची चर्चा निघाली की संगीतावर कुणी क्वचितच बोलतं. ज्याचं नावच छापलं जात नाही, त्याचं संगीत थकलेल्या वाचकाने शोधायचं तरी कसं?

तेव्हा प्रत्येक समीक्षेत एक ओळ द्या: पार्श्वसंगीत कुणाचं, खरा वाद्यवृंद वाजला की संगणकावर काम भागवलं, आणि ते वेगळं ऐकायला मिळतं का. जागेची अडचण असेल तर शेवटची ती चांदण्यांची पट्टी काढून टाका. अडीच चांदण्या म्हणजे सिनेमा पाहावा की पाहू नये, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

आपली नम्र,
एक लघुलेखिका