मावळे रंगवायला घेण्याआधी

गिरगाव, मुंबई
२० जुलै

प्रिय संज्या,

दिवाळीच्या किल्ल्यासाठी यंदा तयार मावळे न आणता तू आणि सई मिळून घरीच रंगवणार, हे ऐकून मला किती आनंद झाला काय सांगू! फोनवर घाईत बोलणं झालं, आणि हा विषय घाईत सांगण्यासारखा नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. तू मागवलेले मावळे २८ मिलिमीटरचे, म्हणजे जेमतेम इंचभर उंच. एवढ्याशा आकृतीवर खोलीतला उजेड पुरेशी सावली पाडत नाही. आपल्या सदऱ्याच्या चुणीत अंधार साठतो, पण मावळ्याच्या शेल्याची चुणी इतकी उथळ असते की ती सपाटच दिसते. त्यामुळे सावलीही आपण रंगवायची आणि उजेडही. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

रेझिनचे आहेत म्हणालास. सईच्या हातात देण्याआधी ते चिकट लागत नाहीत ना, हे बघ. चिकट असतील तर रेझिन पुरतं पक्कं झालेलं नाही, विकणाऱ्याला परत दे. मग भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन धू, वाळू दे, आणि बाटलीच्या बुचावर चिकटव, म्हणजे रंगवताना बोटं आकृतीला लागणार नाहीत. त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, हवाच, कारण गुळगुळीत रेझिनवर रंग नीट धरत नाही. पहिल्यांदा करडा घे. फक्त या दिवसांत स्प्रेचा प्रायमर नको. हवेत ओल असली की तो पांढुरका आणि खरखरीत बसतो. आमच्याकडे तर जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमरच बरा.

आता रंग. महागडे परदेशी रंग लागतीलच असं नाही. आपल्या मुंबईत १९३१ साली सुरू झालेल्या कॅम्लिनचे ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक चालतील, मात्र ते घट्ट असतात. पॅलेटवर थेंब थेंब पाणी घालत दुधाइतके पातळ कर. जाड रंगाने नाक, मिशा, बाराबंदीच्या गाठी सगळं बुजून जातं. पातळ रंगाचा पहिला थर फिका आणि चट्ट्यापट्ट्यांचा दिसेल, तरी धीर सोडू नकोस. तो पूर्ण वाळला की दुसरा द्यायचा. अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश फिरवला तर पापुद्रा निघतो, म्हणून तेवढ्या वेळात दुसरा मावळा हातात घ्यावा. आणि अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो. त्यातलं पांढुरकं माध्यम वाळून पारदर्शक होतं ना, म्हणून. तेव्हा ओल्या रंगावरून छटा ठरवू नकोस.

भगव्याबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण मुंडाशी आणि झेंडा तू त्याच रंगात करणार. पिवळा आणि नारिंगी हे रंग खालचा थर झाकायला फार कमजोर. थेट करड्यावर लावलेस तर थरावर थर देऊनही मळकटच दिसतील. आधी गेरूसारखा तांबूस तपकिरी सगळीकडे दे. त्यावर खोलगट जागा सोडून नारिंगी, आणि शेवटी त्याच नारिंगीत जरा पिवळा मिसळून फक्त चुणींच्या माथ्यावर. उजळ करायला पांढरा घातलास तर भगव्याचं तेज जातं. पांढऱ्या बाराबंदीलाही हेच तत्त्व: सुरुवात फिक्या करड्याने किंवा सायीच्या रंगाने, शुभ्र पांढरा अगदी शेवटी आणि अगदी थोडा.

तयार सेटमधला ‘त्वचेचा’ रंग बहुधा गुलाबी निघतो. तो सह्याद्रीच्या उन्हात राबलेल्या माणसाचा नव्हे. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळ, कणभर पांढरा घाल. सावलीला काळा नको, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घे. माझ्या मते चेहऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

सध्या लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत गडबड सुरू आहे. तिथे डोळ्यांची आखणी करणारा कारागीर बघत राहावा असा असतो. ब्रशवर रंग अगदी थोडा, आणि रेघ एका दमात. तू दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून धर, हात कापत नाही. पण २८ मिलिमीटरच्या मावळ्याला बुबुळं काढायलाच हवीत असं नाही. भुवईखाली गडद तपकिरी रेघ पुरते. त्यासाठी केसाएवढा ब्रशही नको, त्यावरचा रंग टेकवण्याआधीच वाळतो. टोक चांगलं असलेला एक नंबरचा घे.

मूळ रंग झाले की वॉश. गडद तपकिरी रंगात पाणी आणि मॅट मीडियम (रंगात मिसळायचं, न चकाकणारं माध्यम) घालून तो चुणींत वाहू द्यायचा. नुसतं पाणी घातलंस तर वाळल्यावर कडेला डागाची रेघ उमटते. साचलेला वॉश कोरड्या ब्रशने टिपून घे. घोड्याची आयाळ आणि तटाचे दगड यांना ड्रायब्रश कर: जुना ब्रश, फिका रंग, फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. सईला हे लगेच जमेल.

तलवारी-ढालींसाठी इकडे आलास की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊ. तिथे अकबराचं १५८१ सालचं पोलादी चिलखत आहे. पोलाद सगळीकडे सारखं चकाकत नाही, हे तिथे समोर दिसतं. म्हणून काळ्यावर चंदेरी, त्यावर वॉश, आणि पुन्हा चंदेरी फक्त कडांना. चंदेरीचं पाणी वेगळं ठेव, नाहीतर त्यातले चमकते कण सगळ्या रंगांत उतरतात.

शेवटी मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात. बाटली आधी खूप हलव, तळाशी बसलेला भाग मिसळला नाही तर वॉर्निश चकाकतं.

पहिला मावळा झाला की खिडकीच्या उजेडात फोटो काढून पाठव, फ्लॅश नको, त्याने रंगवलेली सावली पुसट होते. गणपतीला येणार असाल तर मॅट मीडियमची बाटली आणि माझे जुने ब्रश सईसाठी काढून ठेवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या