तीच पीपीटी किती जणांनी बनवायची?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारी उच्च शिक्षण संस्थांना संशोधनाची जर्नल्स ऑनलाइन वाचायला देणारी केंद्राची योजना, 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालं, 3 वर्षांसाठी 6,000 कोटी, जवळपास 13,000 जर्नल्स, छानच झालं. पण ती वापरायची कशी हे पोरांना शिकवणार कोण, तर आम्ही ग्रंथपाल, आणि त्यासाठी जो तो आपापल्या कॉलेजात बसून तीच पीपीटी नव्याने बनवतोय. परवा एमएच्या एका मुलीने सर्च बॉक्समध्ये अख्खं प्रश्नवाक्य टाकलं, रिझल्ट शून्य, म्हणाली सर साइटच बंद आहे. दोन शब्द ठेवले, मधे इंग्रजी AND टाकला, लेखांची रांग लागली. हे 10 मिनिटांचं काम, मराठीत समजावलेलं मटेरियल मात्र मला शोधून सापडलं नाही (सर्च शिकवणाऱ्यालाच, घ्या!). आमच्या आधीच्या सरांनी स्लाइड्स केल्या होत्या म्हणे, ते रिटायर झाले आणि पेनड्राइव्हही त्यांच्याबरोबर गेला.

शोधगंगेवर देशभरातले पीएचडी प्रबंध एकत्र येऊ शकतात तर आमचे वर्कशीट, व्हिडिओ, प्लेजरिझमवरचे (दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून देण्यावरचे) सराव का नाही? विद्यापीठाच्या लायब्ररीने एक ओपन फोल्डर काढावं, क्रिएटिव्ह कॉमन्सचं बदलाला परवानगी देणारं लायसन्स (सीसी बाय) लावावं म्हणजे नाव ज्याचं त्याचं राहील आणि बाकीच्यांना हवा तसा बदल करता येईल. लोक लोगो काढून आपलं म्हणून खपवतील ही भीती मलाही आहे, पण आत्ता तरी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच चालतं ना! माझे 22 स्लाइड्स तयार आहेत, कुठे टाकू तेवढं सांगा.

आपला,
एक कॉलेज ग्रंथपाल