सायकलवाल्या काकांना

काका, नमस्कार.

एप्रिलमध्ये मी रडवेल्या लेकीला आणि खरचटलेल्या सायकलीला घेऊन तुमच्या दुकानाच्या पायरीशी आले होते. पंक्चरवाल्यांची गर्दी होती. तरी तुम्ही सायकल बाजूला ठेवून आधी तिलाच म्हणालात, "बाळा, ब्रेक दाबून दाखव बघू." तिची बोटं दांडीपर्यंत पोचलीच नाहीत. तिला काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं.

ती सायकल आम्ही दुसरीकडून घेतली होती. २४ इंची चाकांची, गिअरवाली, शॉकअप लावलेली. पोर वाढतंच, चार वर्षं बघायला नको, असं दुकानदाराने सांगितलं आणि आम्हाला पटलं. मुलगी सात वर्षांची. सीट पार खाली केली तरी पायाचे अंगठे कसेबसे टेकायचे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या एका उतारावर सायकल सुटली, ब्रेक काही लागेना आणि ती कडेच्या खडीत पडली. हनुवटीला दोन टाके. त्यानंतर सायकलचं नाव काढलं की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची.

तुम्ही कोपऱ्यातली जुनी, बिनगिअरची २० इंची बाहेर काढलीत. दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली केलीत. ब्रेकच्या दांडीपाशी एक बारका स्क्रू असतो, तो पिळून दांडी तिच्या बोटांजवळ आणलीत. खडीवर चाक उडू नये म्हणून थोडी हवा सोडलीत. मग दोन्ही पॅडल काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आठ दिवस नुसती पायांनी ढकलू दे. तोल आला की या." ते पॅडल पर्समध्ये घेऊन मी घरी गेले, पण खरं सांगते, तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

वाट कशी निवडायची तेही तुमच्याकडूनच शिकले. वाट रुंद हवी आणि उतार संपल्यावर सपाट जागा हवी, म्हणजे घाबरून ब्रेक विसरला तरी सायकल आपोआप थांबते. आणि जो चढ पोर पाय न टेकता चढतं, तेवढाच उतार त्याला द्यायचा. हे मी आता सोसायटीतल्या प्रत्येक आईबापाला सांगते. आधी आमच्यामागच्या मैदानातली मातीची वाट झाली, मग पार्कातला रस्ता. गेटपासून कान्हेरी लेणी साधारण सहा किलोमीटर, पण शेवटचा चढ खडा, तिथवर यंदा न्यायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत. आम्ही पाळलं. आतल्या पायवाटांकडेही वळलो नाही, ते घर बिबट्याचं.

मागच्या रविवारी, ज्या उतारावर ती पडली होती तिथेच, ती सीटवरून उठली, पॅडल जमिनीला समांतर, गुडघे सैल, नजर पुढे. तुम्ही शिकवलंत अगदी तसंच. खाली पोचल्यावर तिने मागे वळून मला हाक मारली नाही. सायकल वळवली आणि पुन्हा चढायला लागली. मी तिथेच उभी राहून रडले, काका.

तोल आल्यावर आम्ही पॅडल बसवायला आलो, तेव्हा तुम्ही फक्त ते बसवायचे पैसे घेतलेत. बाकीचं कशात मोजायचं, मला कळत नाही. मनापासून आभार.

तिची उंची वाढली आहे, सीट दोन बोटं वर घ्यावी लागेल. शनिवारी संध्याकाळी येतो आम्ही.

तुमची,
२० इंचीवालीची आई